मीच पाजते

नेलची जीभ टोकाशी दुभंगलेली आहे हे सगळ्यांत आधी माझ्या सासूने पाहिलं. शनिवारची सकाळ होती. नेल नऊ आठवड्यांची, आणि कशावरून तरी, बहुधा पायमोजा निघाला म्हणून, जीव खाऊन रडत होती. ग्लेंडाने तिला माझ्या हातातून घेतलं, खिडकीपाशी उजेडात नेलं आणि एकदम थांबली.

"लोर्ना, इकडे ये गं. हिची जीभ बघ."

मी पाहिलं. रडताना जीभ वर उचलायला जात होती, पण खालून कुणी दोरा बांधून ओढून धरावी तशी मध्येच अडकत होती. टोकाला खाच पडून तिच्या दोन पाकळ्या होत होत्या, पत्त्यांतल्या बदामासारख्या. नऊ आठवडे मी या तोंडाकडे बघत होते. हिच्या जांभया मोजत होते, हिच्या ओठांवर आलेला दुधाचा फोड रोज बोटाने चाचपत होते. आणि हे मला दिसलं नव्हतं.

"झालं!" ग्लेंडा हसली. "दुभंगलेल्या जिभेची आली गं बाई आमच्या घरात. ही कौन्सिलात निवडून येणार, लिहून ठेव."

आमच्या खोऱ्यात असं म्हणतात. ज्याच्या ओठात एक नि पोटात एक, जो या दारी हो सांगतो आणि त्या दारी नाही, तो दुभंगलेल्या जिभेचा, सापासारखा. ग्लेंडा हे घरांच्या दलालाला म्हणते, टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या बाईला म्हणते. एकदा चर्चच्या पाद्र्यालाही म्हणाली होती, कारण त्याने हिच्या केकची तोंडभर स्तुती केली आणि बक्षीस दुसरीलाच दिलं. तिच्या बोलण्यात विष नसतं. आताही ती बोटाने नेलची हनुवटी खाजवत हसतच होती.

मला हसू आलं नाही. माझ्या खिशात फोन होता आणि त्यात तासाभरापूर्वी आलेला मैत्रिणीचा, ब्रायनीचा, तिच्या तान्ह्या मुलाबद्दलचा निरोप होता.

"रूफसला काल संध्याकाळी हॉस्पिटलात ठेवून घेतलं. वजन फार उतरलंय. सलाईन लावलंय. आता धोका नाही म्हणतात. चूक माझीच. तुम्हा सगळ्यांना जमतं ते मला नाही जमलं."

त्याखाली आमच्या गुरुवारच्या गटातल्या बायकांनी लाल बदाम पाठवले होते. एकूण अकरा. अकरावा माझा.

हा गट चर्चच्या मागच्या हॉलमध्ये भरतो. नव्या आया, त्यांची बाळं, चहा आणि लोणी लावलेले टोस्ट. फिलिपा तो चालवते. तिचे मुलगे कधीच मोठे होऊन गेलेत, पण बाळाला अंगावर पाजणं या विषयावर ती अशी बोलते, जसे काही लोक फुटबॉलवर बोलतात. तिच्या पिशवीत नारिंगी लोकरीने विणलेला एक स्तन असतो. तो हातात धरून ती दाखवते, बाळाचं तोंड असं उघडायचं, असं लावायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. पण त्या हॉलमध्ये कुणी रडलं तर फिलिपा टोस्ट कापायचं सोडून धावत येते, आणि तीन आठवड्यांच्या आईला दुसरं काय हवं असतं? मला तिने शाबास म्हणावं असं वाटायचं. एवढं साधं होतं ते.

तिसऱ्या आठवड्यात नेल दिवसभर माझ्या अंगाला चिकटलेली असायची आणि तरी उपाशी राहायची. चोखायची, सुटायची, ओरडायची, पुन्हा चोखायची. माझ्या अंगाची पार चाळण झाली होती. तेव्हा ग्लेंडाने दुधाच्या पावडरीचा एक डबा आणून स्वयंपाकघरात टेबलावर आपटला.

"वरचं दूध दे तिला. माझी तिन्ही पोरं यावर वाढली. एकालाही शिंगं फुटली नाहीत. तुझ्या नवऱ्याकडे बघ, शॉनला फुटलीत?"

मी दिलं. नेलने बाटली संपवली आणि आयुष्यात पहिल्यांदा सलग तीन तास झोपली. मी पाळण्याशी बसून ती श्वास घेतेय ना बघत राहिले.

ग्लेंडाला मी सांगितलं, अंगावरचं आता बंद. ते खोटं होतं. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा मी दार लावून अजून प्रयत्न करत होते, दात आवळून. आणि त्याच आठवड्यात गुरुवारी फिलिपाने माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "कसं चाललंय, राणी? सगळं तूच पाजतेस ना?"

"हो," मी म्हटलं, "सगळं मीच पाजते."

तसं पाहिलं तर ते खरं होतं. बाटली मीच धरायचे. शॉनलासुद्धा धरू द्यायचे नाही. या एका वाक्यावर मी सहा आठवडे काढले, आणि दर वेळी मनात म्हणायचे की यात खोटं काय आहे?

पण एक वाक्य सांभाळायला पुष्कळ कामं करावी लागतात. गुरुवारी मी वीस मिनिटं आधी निघायचे. हॉलमागे गाड्या लावायची जागा आहे, तिथे भिंतीच्या बाजूला गाडी उभी करून मागच्या सीटवर बसून नेलला बाटली द्यायचे. मग तिचं तोंड पुसायचे, खांद्यावरचं मलमलचं फडकं बदलायचे, कारण वरच्या दुधाला वेगळा वास येतो आणि या बायकांना तो कळतो. बाटली पायमोज्यात घालून पिशवीच्या तळाशी. मग आत. नेल तृप्त, गालावर लाली, हातांच्या मुठी सुटलेल्या. "बघा लोर्नाची नेल!" फिलिपा म्हणायची. "आईचं दूध पोटभर मिळालेलं बाळ असं दिसतं."

आमच्याकडे प्रत्येक बाळाची एक लाल वही असते, तिच्यात वजनं आणि टोचण्या लिहितात. सातव्या आठवड्यात ऑड्री नर्स घरी आली तेव्हा तिने वहीतल्या तीन चौकटी दाखवल्या. बाळ पूर्ण अंगावर, थोडं अंगावर, अजिबात नाही. पेन हातात धरून तिने माझ्याकडे पाहिलं.

"पूर्ण," मी म्हटलं.

"काही दुखतं-खुपतं? तोंडात नीट धरते?"

"छान धरते."

ऑड्रीने खूण केली. वजनाची रेघ सुरेख चढत होती. मग ती बिचारी नेलच्या तोंडात कशाला बघेल?

ब्रायनीची नि माझी ओळख गरोदर बायकांच्या पोहण्याच्या तासाला झाली होती. ती या गावात नवी. नवरा मालाचा ट्रक घेऊन रॉटरडॅमला जाणारा, आठवड्याचे चार दिवस घरी नाही. आई वर स्कॉटलंडमध्ये, आणि दोघींचं फारसं पटत नाही. ती मला हसवायची. पाण्यात पोट वर करून तरंगायची आणि म्हणायची, "माझ्यावर झेंडा लावा कुणीतरी, बोटी आपटतील." रूफस झाला त्याच्या आठव्या दिवशी ती गटात आली. डोळ्यांखाली काळं, केस ओले, टॉप उलटा.

"हा मुलगा नाही गं, किटली आहे," ती म्हणाली. "शिट्टी थांबतच नाही. वजनही उतरलंय थोडं. सोमवारी पुन्हा बोलावलंय."

फिलिपाने विणलेला स्तन काढला. ब्रायनीने पाहिलं, मान डोलावली, प्रयत्न केला. रूफस ओरडत राहिला. समोरच्या खुर्चीत माझी नेल झोपलेली होती, आणि ब्रायनी पुन्हा पुन्हा तिच्याकडे बघत होती.

निघताना कोटांच्या खुंट्यांपाशी तिने मला गाठलं.

"लोर्ना, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार ना."

"तू एकही बाटली नाही दिलीस? अगदी सुरुवातीलासुद्धा?" तिचा आवाज खाली आला. "मावशीने डबा पाठवलाय. बाबागाडीत घेऊन हिंडतेय येड्यासारखी. उघडू का?"

तिला फक्त एक शब्द हवा होता. उघड. शेजारच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं आणि आत फिलिपा कप विसळत होती. पाण्याचा आवाज थांबला होता. मला आजही सांगता येणार नाही की ती ऐकत होती की नव्हती. पण मी बोलले ते फिलिपाला ऐकवायला.

"एकही नाही," मी म्हटलं. "धीर धर. येतं दूध. तू सोडू नकोस."

ब्रायनीने लांब श्वास घेतला, जणू परीक्षेचा निकाल ऐकला. मग बाबागाडीखालच्या जाळीतून तिने तो डबा काढला. हॉलच्या दारात गरजू घरांसाठी जिन्नस ठेवायची पेटी असते, त्यात मटाराच्या डब्यांवर तो ठेवला. "इथेच राहू दे. घरात असला की मन चळतं." मी तिच्यासाठी दार उघडून धरलं. ती बाबागाडी ढकलत बाहेर गेली आणि कोपऱ्यावरून हात हलवून गेली.

सोमवारचं वजन तिने फोन करून शुक्रवारवर ढकललं. पुढच्या गुरुवारी गटात आली नाही. निरोप आला, "आज नाही येत. रूफस झोपलाय. पहिल्यांदाच शांत झोपलाय, उठवावंसं वाटत नाही!" फिलिपाने तो सगळ्यांना वाचून दाखवला. "बघा, जमलं तिला," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली. मीही हसले. आता मला माहीत आहे की तो झोपला नव्हता. रडायची ताकद संपली होती त्याची.

हे सगळं मी त्या शनिवारी ग्लेंडाला सांगितलं. ती नेलला खांद्यावर घेऊन उभी होती, मी जमिनीवर बसले होते. कधी बसले ते आठवत नाही. सांगताना मध्येच मी थांबले की ती म्हणायची, "मग?" आणि मी पुढे सांगायचे. सगळं संपल्यावर तिने नेलला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"म्हणजे माझ्याशीही खोटं."

"हो."

"दार लावून?"

"हो."

"अगं, मी काय तुझा गळा दाबणार होते?" तिचा आवाज फाटला. ग्लेंडाला रडताना मी पाहिलेलं नाही, तेव्हाही पाहिलं नाही, पण तिने नाक जोरात ओढलं. "आणि नऊ आठवडे या पोरीच्या तोंडात कुणी बघितलं नाही?"

"मी सांगितलं होतं, छान धरते."

"माझ्या आजीच्या वेळी सुईण करंगळीचं नख वाढवून ठेवायची, यासाठीच. जिभेखालचा धागा खट्‌कन तोडायची. दोन मिनिटांचं काम. लोर्ना, हिला धरताच येत नव्हतं गं. तुझ्या दुधात काही कमी नव्हतं."

मी तोंड झाकून घेतलं. तिने सांत्वनासाठी म्हटलं होतं, पण त्याने अजूनच झोंबलं. एका माणसाशी जरी मी खरं बोलले असते, कुणाशीही, तर त्याने नेलच्या तोंडात पाहिलं असतं. मग लपवायला काही उरलंच नसतं, आणि ब्रायनीशी खोटं बोलायची वेळही आली नसती.

"आता मला कशाला सांगत बसलीस? मी काय पाद्री आहे?" ग्लेंडा गाडीच्या किल्ल्या शोधत म्हणाली. "बूट घाल."

हॅलिफॅक्सच्या हॉस्पिटलापर्यंत गाडी तिनेच चालवली. तिथे नेलला घेऊन ती खाली चहाच्या दुकानात बसली, आणि मी एकटी वर गेले.

ब्रायनी पलंगाच्या कडेला खिडकीकडे तोंड करून बसली होती. मागे खुर्चीत एक नर्स रूफसला मांडीवर घेऊन छोट्या बाटलीने दूध देत होती. त्याच्या हातावर पट्टी होती, पट्टीतून नळी. तो इतका लहान दिसत होता की मला नेलचे पहिले दिवस आठवले.

"तुम्ही तरी सांगा हिला," नर्स हळूच म्हणाली. "कालपासून एकदाही हातात बाटली घेतली नाही. आई आहे, तिने द्यावी, तर भिंतीकडे बघत बसते."

"मी घेतली की ठरलं," ब्रायनी मागे न बघता म्हणाली. "मग मी नापास." मग तिने मान वळवली. "लोर्ना! तू कशाला आलीस एवढ्या लांब? नेल कुठाय?"

"खाली. ग्लेंडाजवळ."

"कशी आहे?"

"बरी आहे," मी म्हटलं. आमच्याकडे कुणी मरायला टेकलं तरी बरं आहे म्हणतात, ते आपोआपच निघतं तोंडातून. "ब्रायनी, मी काय म्हणत होते... तू त्या दिवशी विचारलंस ना. म्हणजे मी पूर्णच असं काही... कधी कधी थोडंसं वरचंही, अडीअडचणीला..."

ती पूर्ण माझ्याकडे वळली.

"थोडंसं म्हणजे?"

माझे कान तापले. नर्सने मान खाली घातली होती, पण हात थांबला होता.

"पाच," मी म्हटलं. "दिवसाला पाच बाटल्या. कधी सहा. तिसऱ्या आठवड्यापासून. अंगावर तिला जमतच नाही, तिची जीभ खालून बांधलेली आहे. मी सगळ्यांशी खोटं बोलले. तुझ्याशीही."

"त्या दिवशी?"

"त्या दिवशीही दिली होती. हॉलमध्ये यायच्या आधी, गाडीत."

रूफसच्या गिळण्याचा आवाज येत होता. बारीक, टिचकी वाजवल्यासारखा.

"म्हणजे मी त्या पोरीकडे बघत होते," ब्रायनी सावकाश म्हणाली, "आणि तिच्या पोटात बाटली होती."

"हो."

"मी डबा पेटीत ठेवला तेव्हा तू शेजारी उभी होतीस."

"हो."

"तू दार धरलंस माझ्यासाठी, लोर्ना."

माफ कर म्हणाले. शब्द तोंडातून बाहेर पडताच कळलं, किती फुटकळ आहेत ते.

"कालपासून मी शोधतेय माझ्यात काय कमी आहे ते," ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आईला फोन केला तर ती म्हणाली, तुला लहानपणापासून एक काम धड जमत नाही. आणि मी म्हटलं, खरंय गं."

"तुझ्यात काही कमी नाही."

"ते तू नको सांगूस. दुसरं कुणीही सांगू दे. जा तू आता."

मी वळले. दारापाशी पोचले तेव्हा मागून पलंग करकरला.

"त्याला द्या इकडे," ब्रायनी नर्सला म्हणाली. "ती बाटलीपण द्या. किती राहिलंय?"

मी काचेतून एकदाच पाहिलं. तिच्या हातात बाटली हलत होती, पण रूफसने ती सोडली नाही. दूध पाजता पाजता ती एका बोटाने त्याची सरकलेली टोपी नीट करत होती.

मंगळवारी ते घरी आले, हे मला दुसऱ्या कुणाकडून तरी कळलं.

बुधवारी नेलच्या जिभेखालचा पडदा कापला. अर्धं मिनिट लागलं. ती किंचाळली, मग माझ्या अंगाला लागली आणि अशी चोखायला लागली, जणू हे दूध कुठलं नवीनच आलंय. ऑड्रीला मी सगळं सांगितलं होतं. ती रागावली नाही. तिने लाल वही उघडली, ती खूण खोडली, शेजारच्या चौकटीत नवी केली आणि बाजूला तारीख घातली. खोडलेली खूणही दिसत राहते.

गुरुवारी मी गटात गेले. सगळ्यांचे कोट काढून होईपर्यंत थांबले, नाहीतर मी पळाले असते. मग उभी राहिले आणि सांगितलं. गाडी, पायमोजा, बदललेलं फडकं, कोटांच्या खुंट्यांपाशी ब्रायनीने काय विचारलं आणि मी काय म्हटलं. आवाज चिरका येत होता. फिलिपाच्या हातात सुरी होती, तिच्यावरचं लोणी वितळून खाली टपकत होतं.

मग हीटरपाशी बसलेली इमोजेन, जिची मुलगी पाच महिन्यांची आहे, जमिनीकडे बघत म्हणाली, "आमच्याकडे दोन. रोज."

"एक," दुसरी म्हणाली. "झोपायच्या आधी. तिचा बाबा देतो, म्हणून मी धरत नाही हिशेबात."

"मी तर गाडी गल्लीच्या टोकाला लावते," तिसरी म्हणाली, "इथे मागे तुझी असायची म्हणून."

कुणीतरी हसलं, आणि एकदम सगळ्याच हसायला लागल्या, डोळे पुसत. मोजलं तर निम्म्याहून जास्त निघाल्या. फिलिपा खुर्चीत बसली. "मग मला कुणीच का नाही सांगितलं?" ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. इमोजेनने तिच्या खांद्यावर हात ठेवला. चहा ओतला गेला. एकीने माझा दंड दाबून म्हटलं, "बरं झालं बाई तू बोललीस. आपण सगळ्याच तशा."

मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. कप हातात घेऊन मी वाट बघत राहिले. त्या सगळ्या खोटं बोलल्या होत्या, हे खरंच. पण त्यांना कुणी बाजूला घेऊन, उघडू का, असं विचारलं नव्हतं. ब्रायनीने मला विचारलं होतं.